मल्हारीचं मत

१ जानेवारी, सकाळ

नवीन वर्ष. कंपनीतून रिटायर झाल्यावरचं पहिलंच. वेळ भरपूर आहे म्हणून लिहायचं ठरवलं. संकल्प तीन. सकाळी चालणे. राजकारणावर बोलताना आवाज न चढवणे. आणि यंदा मल्हारीचं मत बदलणे.

तिसऱ्याला वेळ लागेल. मल्हारी माझा गाववाला. गंगापूरकडचं एकच गाव. एकाच वर्षी दोघं वाळूजला कंपनीत लागलो, बजाजनगरात एकाच गल्लीत राहतो. माझं घर स्वतःचं, तो भाड्यानं. माणूस चांगला, फक्त पक्ष चुकीचा. मी पहिल्यापासून आपल्या पक्षाचा, म्हणजे नानासाहेबांचा. तो पहिल्यापासून त्या पक्षाचा. मतं दोघांनीही गावाकडंच ठेवलीत, कारण खरी लढाई तिथं असते.

मत बदलायला मोकळं मन लागतं. ते मल्हारीकडं नाही. माझ्याकडं आहे. कोणी पुरावा दिला तर मी आजही मत बदलायला तयार आहे. तीस वर्षांत पुरावा आला नाही त्याला मी काय करणार.

चालणं उद्यापासून. आज गारठा आहे.

४ जानेवारी, संध्याकाळ

गंगापूर कोर्टात तारीख होती.

केस जुनी आहे. मागं एका झेडपीच्या निवडणुकीत, प्रचाराच्या शेवटच्या दिवशी गावात नानासाहेबांचं बॅनर फाटलं. दोन्हीकडची माणसं भिडली. मी बॅनरचा बांबू उचलला हे खरं. मल्हारीनं हात मधे घातला, तो त्याचा निर्णय. उजव्या हाताची दोन बोटं मोडली. तो फिर्यादी, मी आरोपी नंबर एक. नानासाहेबांचंही नाव आधी होतं, नंतर निघालं. मोठ्या माणसांची नावं निघतात. त्यांच्यामागं कामं असतात.

ती बोटं अजून वाकत नाहीत. कंपनीनं मल्हारीला प्रेसवरून काढून स्टोअरला बसवलं. ओव्हरटाइम गेला पण खुर्ची मिळाली. खुर्ची माझ्यामुळं मिळाली असं मी कधी बोलून दाखवलेलं नाही.

तारखेला दोघं एकाच जीपनं जातो. वेगवेगळ्या जीपची वाट बघण्यात अर्थ नाही. जाताना तो पुढं, मी मागं, कारण केस चालू आहे. येताना जागा मिळेल तिथं. आज कोर्टात जजसाहेब रजेवर. पुढची तारीख फेब्रुवारीत. मल्हारी म्हणाला, "फेब्रुवारीअखेर मी बी सुटतो कंपनीतून. मंग तारखेसाठी रजा टाकायची कटकट नाय."

मी म्हणालो, मग काय, रोज सकाळी टपरीवर निवांत बसू, तुझं मत बदलायला टाइमच टाइम. त्यानं डोकं खिडकीला टेकवलं. डुलकी लागली असावी. डोळे उघडे होते, पण काही लोक तसेच झोपतात.

९ जानेवारी

चालणं सुरू केलं. चौकातल्या टपरीपर्यंत गेलो. तिथं मल्हारी भेटला म्हणून पुढं जाता आलं नाही.

म्हणाला, नानासाहेब तुमचा पक्ष सोडून आमच्यात येतोय म्हणं. आवाज चढवायचा नाही हे लक्षात होतं, म्हणून हळू आवाजात बोललो, पण बराच वेळ बोललो. नानासाहेब भर सभेत म्हणाले होते की मेलो तरी अंगावर हेच उपरणं टाका. मी स्वतःच्या कानानं ऐकलंय.

मल्हारी म्हणाला, "ऐकलं मी बी हाये. पन आता ते उपरणं धुवायला टाकलं असंल."

टपरीवाला हसला. टपरी बदलण्याचा विचार आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

नानासाहेबांना दरवर्षी फोन करतो. उचलला नाही. दुपारी परत केला. दुसऱ्या कॉलवर होते. परत केला, परत दुसऱ्या कॉलवर. झेडपीची निवडणूक लागली आहे, मोठी आखणी चालू असणार. अशा वेळी मी त्रास देत नाही. संध्याकाळी एकदा करून बघेन.

आक्काबाई, म्हणजे मल्हारीची मंडळी, तिळगूळ घेऊन आली. ती आणि माझी बायको चतुराबाई ओट्यावर बराच वेळ बोलत बसल्या. विषय राजकारणाचा नसावा. दोघी हसत होत्या.

१७ जानेवारी, दुपार

मोबाईलवर फोटो आला. नानासाहेब. गळ्यात त्या पक्षाचं उपरणं. आजूबाजूला ज्यांना आपण तीस वर्षं शिव्या घातल्या ते सगळे, दात काढून.

फोटो मोठा करून पाहिला. नानासाहेबच आहेत.

काही वाटलं नाही.

आंघोळ राहिली होती, ती केली. चतुराबाईनं विचारलं, ज्वारीची टाकू का बाजरीची. सांगता येईना. तिनं दोन्ही टाकल्या. दोन्ही खाल्ल्या.

संध्याकाळ

अजून काही वाटलेलं नाही. याला परिपक्वता म्हणतात. तरुण असतो तर रस्त्यावर उतरलो असतो. आता नुसता खुर्चीत बसून आहे, भिंतीकडं बघत. टीव्ही बंद आहे हे चतुराबाईनं सांगितल्यावर कळलं.

१८ जानेवारी

सगळा उलगडा झाला. नानासाहेब तिकडं उगाच गेलेले नाहीत. तो पक्ष आतून पोखरायला गेलेत. बाहेरून तीस वर्षं लढून झालं नाही ते आत जाऊन करणार. मी ओळखायला उशीर केला, एक दिवस.

टपरीवर मल्हारीला समजावलं. गोष्ट गुप्त असल्यानं कानात. त्यानं विचारलं, "तुला फोन करून सांगितलं का त्यानं?"

म्हणालो, अशा गोष्टी फोनवर सांगत नसतात.

मला वाटलं होतं मल्हारी आज पेढे वाटेल. नाचेल. निदान मला डिवचेल. अर्धा चहा टाकून उठला. आनंद पचत नसावा.

२० जानेवारी

प्रश्न तत्त्वाचा आहे. निष्ठा पक्षाशी का माणसाशी? मी पक्षाशी एकनिष्ठ. पण पक्ष म्हणजे माझ्यासाठी नानासाहेब. पण नानासाहेब आता पक्षात नाहीत. इथपर्यंत विचार करून झोप लागली.

दुपारी आपल्या पक्षाच्या तालुकाध्यक्षांना फोन लावला. नवीन पोरगा आहे. म्हणालो, मी काकासाहेब. तो म्हणाला, कोण काकासाहेब? गाव सांगितलं, बूथ सांगितला, किती वर्षं बूथवर बसतो ते सांगितलं. "हां हां," म्हणाला, "नानासाहेबांची माणसं ना तुम्ही? मग तुम्ही तर तिकडं गेले असाल की." फोन कट झाला. रेंज नसावी.

एकूण काय, दोन्ही पक्ष माझ्या निर्णयाची वाट बघताहेत. घाई करणार नाही.

२३ जानेवारी

मल्हारी टपरीवर येत नाही. मी रोज वेळेवर जातो. वाद घालायला कोणी नसलं की चहा लवकर संपतो. त्यामुळं वेळ उरतो. त्या वेळात चालता येईल, पण गुडघा दुखतो.

चतुराबाईनं आज कारण सांगितलं. आक्काबाईकडून तिला संक्रांतीलाच कुणकुण लागली होती. मला का सांगितलं नाही विचारलं, तर म्हणाली, तुम्ही विचारलं नाही.

कारण असं. गावाकडचा झेडपीचा गट यंदा महिला राखीव. त्या पक्षाचं तिकीट राजाबाईला मिळणार होतं. राजाबाई मल्हारीच्या भावाची बायको. भाऊ मेंढरं राखतो, बाई बचत गट चालवते, गावात नाव आहे. त्या घरानं तीस वर्षं त्या पक्षाच्या भिंती रंगवल्या, सतरंज्या उचलल्या. यंदा पहिल्यांदा शब्द मिळाला होता. आता तिकीट नानासाहेबांच्या सुनेला.

म्हणजे मल्हारी नाराज आहे. संधी चांगली आहे. मन दुखावलेलं असताना मत लवकर बदलतं. पण बदलून त्याला कुठं आणायचं? आपल्या पक्षात आणावं तर नानासाहेब नाहीत. नानासाहेबांकडं आणावं तर तो आधीच त्या पक्षात आहे. यावर उद्या विचार.

२५ जानेवारी

नानासाहेबांचा फोन आला. म्हणजे ड्रायव्हरचा आला, पण गाडीत नानासाहेब होते, खोकल्याचा आवाज ओळखला.

काम माझ्यावर सोपवलंय. विरोधक सभांतून बोलताहेत, की ज्यांच्या माणसानं त्या पक्षाच्या कार्यकर्त्याची बोटं मोडली तेच आता त्याच पक्षाचं तिकीट घेऊन फिरताहेत. केस मिटली तर तोंड बंद होईल. वकील म्हणतो सोपं आहे. मल्हारीनं पिंजऱ्यात उभं राहून एवढंच म्हणायचं की अंधार होता, कोणी मारलं ते दिसलं नाही. म्हणजे फिर्यादी फितूर, आरोपी मोकळा.

ड्रायव्हर म्हणाला, "तुमचं जमतं ना त्याच्याशी? बघा मग."

नानासाहेबांना इतक्या माणसांत माझी आठवण झाली. चतुराबाईला सांगितलं. ती म्हणाली, त्यांना मल्हारीभाऊजींची आठवण झाली. बायकांना राजकारणातलं बारीक कळत नाही.

दोन दिवसांत मल्हारीला पटवतो.

२७ जानेवारी

मल्हारीच्या खोलीवर गेलो. तो फर्स्ट शिफ्ट करून आला होता. पलंगावर बसून डाव्या हातानं शेंगा फोडत होता. आक्काबाईनं चहा ठेवला. मी मुद्देसूद बोललो. पहिला मुद्दा, आता आपण एका पक्षात. दुसरा, एका पक्षातल्या माणसांत केस शोभत नाही. तिसरा, झालं गेलं विसरावं.

मल्हारी म्हणाला, "तू कव्हा आला आमच्या पक्षात?"

म्हणालो, अजून आलो नाही, पण नानासाहेब आले म्हणजे तत्त्वतः आलोच.

"आन् राजाबाई कंच्या पक्षात?"

म्हणालो, तो मुद्दा वेगळा. त्यानं एक शेंग उजव्या हातात धरायचा प्रयत्न केला, ती निसटून खाली पडली. मग म्हणाला, "मंग ही दोन बोटं कंच्या पक्षात गेली ते तरी सांग."

हे विषयाला सोडून होतं. आक्काबाई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "भाऊजी, साखर कमी हाये का?" म्हणालो, बरोबर आहे. साखर अजिबात नव्हती.

पहिली फेरी चांगली झाली. त्यानं नाही म्हटलेलं नाही.

३१ जानेवारी

गावात नानासाहेबांची सभा. निर्णय झाला. माणूस मोठा, पक्ष नंतर. जीपनं गेलो.

पोचल्यावर एका पोरानं त्या पक्षाचं उपरणं गळ्यात टाकलं. काढून खिशात ठेवलं. तत्त्व वगैरे काही नाही, मानेला खाजत होतं. नानासाहेब आले तेव्हा सगळे उभे राहिले. मी पुढच्या रांगेत होतो. घोषणा द्यायचा मान माझा, पहिल्यापासून माझाच आहे. हात वर केला आणि जोरात घोषणा दिली.

ती आपल्या पक्षाची निघाली. जुन्या.

मागून कोणी जयजयकार केला नाही. सगळा मंडप शांत. पुढचे पाचपन्नास लोक वळून बघत होते. व्यासपीठावर नानासाहेब माईकजवळ थांबले. एका क्षणासाठी त्यांचे ओठ हलले, घोषणेचा उरलेला भाग म्हणायला हलावेत तसे. मग त्यांनी पाणी मागितलं.

मी खाली बसलो. नवीन लोकांची परीक्षा घेण्यासाठी मी हे मुद्दाम केलं असं म्हणता येईल.

सभेनंतर भेटलो. नानासाहेबांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "कडूबा, ते कोर्टाचं बघ बरं का." कडूबा आमच्याच गावचा, त्यांचाच माणूस होता. वारला त्याला वर्षं झाली. गडबडीत होतं असं.

येताना जीपमधे शेजारी एक म्हातारी होती. तिनं विचारलं, कोणाच्या सभेला गेलते? म्हणालो, नानासाहेबांच्या. म्हणाली, "कंच्या पक्षाचा त्यो?" मी खिडकीतून ऊस बघत राहिलो.

३ फेब्रुवारी

मल्हारी प्रचाराला बाहेर पडला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा. त्याच्या पक्षाचे लोक बोलवायला आले होते, म्हणे आक्काबाईनं दारातूनच सांगितलं, अंगात कणकण आहे. कणकण नव्हती. मी सकाळीच त्याला नळावर हंडे भरताना पाहिलं.

मी सुद्धा बाहेर पडलो नाही. पण माझं धोरण आहे.

परवा तारीख. दुसऱ्यांदा समजवायला त्याच्याकडं निघालो होतो. दारापर्यंत गेलो. आतून रेडिओ ऐकू येत होता. परत आलो. रेडिओ चालू असताना महत्त्वाचं बोलू नये.

काळजी वाटत नाही. त्यानं कोर्टात माझं नाव घेतलं तर वकील म्हणतो शिक्षा होऊ शकते. तरी वाटत नाही. शर्टाला इस्त्री करून ठेवली.

५ फेब्रुवारी, संध्याकाळ

जाताना जीपमधे तो पुढं, मी मागं. नेहमीसारखं.

कोर्टात पुकारा झाला. मल्हारी पिंजऱ्यात गेला. शपथ घेतली. सरकारी वकिलानं तारीख-वार वाचून विचारलं, तुम्हाला कोणी मारलं? मल्हारीनं कठड्यावर दोन्ही हात ठेवले होते. बाकीची बोटं कठड्याला धरून, ती दोन सरळ. माझ्याकडं रोखलेली होती, पण तो योगायोग. मी उभाच त्या बाजूला होतो.

पंखा फिरत होता. साहेबांनी मान वर करून पाहिलं. म्हणाले, बोला.

मल्हारी म्हणाला, "अंधार व्हता साहेब. दिसलं नाय."

वकिलानं विचारलं, समोर उभा आहे तो आरोपी, यानं मारलं का?

"सांगता येत नाय."

पोलिसांना जबाब दिला होता, त्यात नाव आहे.

"तव्हा राग व्हता. आता नाय."

अंधार नव्हता. ऊन होतं. पाराच्या पिंपळावर चांगलं पिवळं ऊन होतं, बांबूवर सुद्धा. पण मी मधे बोललो नाही. कोर्टात विचारल्याशिवाय बोलायचं नसतं.

साहेबांनी काहीतरी लिहिलं. आमचा वकील बाहेर येऊन म्हणाला, झालं, आता निकालाची औपचारिकता. अभिनंदन केलं. ड्रायव्हरला फोन केला. म्हणाला, बरं. ठेवला.

मी जिंकलो. मल्हारीचं मत बदललं. वर्ष सुरू होऊन दोन महिने झाले नाहीत तोच मोठा संकल्प पुरा. आनंद व्हायला पाहिजे होता. स्टँडवर उसाचा रस घेतला, दोन ग्लास, एक मल्हारीला. दोघंही उभ्यानं प्यालो.

येताना तो माझ्या शेजारी बसला. मग म्हणाला, "काकासाहेब, एक सांग. दुसरं काही इचारनार नाय. तव्हा तू मला नानासाहेबासाठी मारलं का पक्षासाठी?"

गाडीचा आवाज फार होता. ऐकू आलं नाही असं दाखवलं. त्यानं परत विचारलं नाही.

प्रश्न अवघड नाही. उत्तर उद्या लिहीन.

६ फेब्रुवारी

आज पाहुणे होते.

८ फेब्रुवारी

पक्षासाठी म्हणावं तर पक्षानं "कोण काकासाहेब" विचारलं. नानासाहेबांसाठी म्हणावं तर नानासाहेब आज त्याच्याच पक्षाच्या मंडपात आहेत. म्हणजे त्या दिवशी मल्हारी ज्या बाजूला उभा होता त्या बाजूला. मग मी बांबू

डोकं जड झालं. अर्धी गोळी घेतली.

१० फेब्रुवारी

या प्रश्नाला उत्तर असायलाच पाहिजे असं नाही. पुष्कळ मोठ्या प्रश्नांना नसतं. विषय बंद.

मतदानाचं पक्कं केलं. झेडपीला दोन मतं असतात, एक गटाचं, एक पंचायत समितीचं. एक मत नानासाहेबांच्या सुनेला, एक आपल्या पक्षाला. माणूस पण राखला, पक्ष पण. इतका साधा मार्ग कोणाला सुचला नाही.

१३ फेब्रुवारी, मतदान

सकाळी गावात पोचलो. या वेळी बूथवर टेबल-खुर्ची नव्हती माझ्यासाठी. दोन्हीकडच्या टेबलांवर पोरं. रांगेत उभा राहिलो. रांगेत मी पहिल्यांदाच उभा होतो, एरवी मी रांग लावायचो.

आत गेलो. पहिली पत्रिका, नानासाहेबांची सून. नाव वाचलं. निशाणी बघितली. बोट त्या बाजूला नेलं. तेवढ्यात बोट आपोआप वर सरकलं आणि जुन्या निशाणीवर दाबलं गेलं. म्हटलं हरकत नाही, आता दुसरं मत सुनेकडच्या माणसाला. पुन्हा तेच. पीं असा आवाज आल्यावर कळलं. आतल्या बाईनं म्हटलं, काका, झालं, व्हा पुढं.

बोटाला सवय असते. डोक्यातलं मत बदललेलं आहे, ते महत्त्वाचं.

बाहेर मल्हारी लिंबाखाली बसला होता. त्यालाही शाई लागली होती. विचारलं, कोणाला दिलं? गुप्त असतं, पण तीस वर्षं आम्ही एकमेकांना विचारत आलो, म्हणजे सांगायची गरज नसताना विचारत आलो.

म्हणाला, "खालचं. शेवटचं बटन."

कोणालाच नाही ते.

त्याला म्हणालो, हे मत बदलणं नव्हे, हे मत टाकून देणं झालं. म्हणाला, "असंल." मग भावाकडं मेंढरं बघायला निघून गेला. मी लिंबाखाली थोडा वेळ बसलो. कोणीतरी येऊन बोलेल असं वाटलं होतं.

१६ फेब्रुवारी, निकाल

सून आली निवडून. गुलाल उधळला म्हणे. मला फोटो आले. आपण जिंकलो. आपण म्हणजे ते.

आपला पक्ष पडला. आपण म्हणजे आपण.

चतुराबाई म्हणाली, कपडे भिजवलेत, वर दोरीवर वाळत टाकता का. टाकले.

२१ फेब्रुवारी

टपरीवर रोज जातो. टपरीवाल्याशी चर्चा करून बघितली. तो सगळ्याला हो म्हणतो. हो म्हणणाऱ्या माणसाशी बोलून माझा गळा बसला.

मल्हारीकडं जायचं ठरवलं आहे. त्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ तयार आहे. दोन वाक्यं जुळली की जातो.

२८ फेब्रुवारी

आज मल्हारी रिटायर झाला. कंपनीच्या गेटवर हार घालतात, मला घातला होता. जायला निघालो होतो. बूट घातले. मग वाटलं, गेटवर गर्दीत मुद्द्याचं बोलणं होणार नाही. उद्या घरीच जाऊ. बूट काढले.

३ मार्च

खळबळजनक. नानासाहेब परत आले.

झेडपीत त्या पक्षाचं संख्याबळ कमी पडलं आणि आपल्या पक्षानं सुनेला सभापतीपद देऊ केलं. फोटो आला. तेच जुनं उपरणं. नानासाहेब म्हणाले, मी मनानं कधी गेलोच नव्हतो.

मी पण हेच म्हणत होतो. माझं बोट सुद्धा हेच म्हणत होतं. म्हणजे पहिल्यापासून मीच बरोबर. मला काही बदलावं लागलं नाही, जग फिरून माझ्याजवळ आलं. आता सगळं होतं तसं. मल्हारीचा पक्ष तिकडं, माझा इकडं, राजाबाईला पण पुढच्या वेळी संधी. आणि आता त्या प्रश्नाचं उत्तर पण सोपं झालं. नानासाहेब आणि पक्ष पुन्हा एकच. दोघांसाठी मारलं. हेच सांगायचं.

उद्या सकाळीच जातो. तो चिडेल. भांडेल. चांगलं आहे.

५ मार्च, दुपार

काल पाणी आलं होतं म्हणून गेलो नाही. आज गेलो.

मल्हारीच्या दारात नवी चप्पल होती, लहान मापाची. आतून एक बाई आली, कडेवर पोर. नवी भाडेकरू. बीडकडची वाटली. मी म्हणालो, मल्हारी आहे का? म्हणाली, ते तर परवाच गेले टेम्पो करून गावाकडं. आता तिथंच राहणार म्हणत होते.

चतुराबाईला माहीत असणार. मी विचारलं नाही.

बाईनं माझ्याकडं पाहिलं. म्हणाली, "काही निरोप हाये का? घरमालक फोन करत्यात त्यांना अधूनमधून. तुम्ही त्यांचे कोण?"

साधा प्रश्न होता. गाववाला म्हटलं असतं तरी चाललं असतं. एका कंपनीतले म्हटलं असतं तरी. विरोधक हा शब्द पण तोंडाशी आला होता. ती उभी होती, पोर माझ्या खिशातल्या पेनाकडं बघत होतं.

म्हणालो, "आरोपी."

ती आत गेली आणि तांब्याभांडं घेऊन आली. उंबऱ्याच्या बाहेर उभा राहून पाणी प्यालो. घरी आलो.